नवरा सहा महिने बाहेर, मोठी मुलगी फोनवर यायलाच तयार नाही

दोनपिल्लं

नमस्कार, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितीये. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मोठी मुलगी ४ वर्षांची, धाकटा १५ महिन्यांचा. नवऱ्याला कामासाठी ६ महिने बाहेर जावं लागलंय, त्यातले ५ आठवडे झालेत. मी नोकरी करते, दोघं दिवसभर पाळणाघरात असतात, संध्याकाळी मी त्यांना घेऊन घरी येते आणि तिथून पुढचे तीन तास म्हणजे मला कळतच नाही कसे जातात. धाकटा कडेवरून खाली उतरत नाही, मोठीला त्याच वेळी काहीतरी दाखवायचं असतं, जेवण, आंघोळ, झोप सगळं मी एकटी, आणि रोज आठ वाजेपर्यंत एकदा तरी माझा आवाज चढतोच. मग ती झोपली की तिच्याकडे बघत बसते आणि वाईट वाटत राहतं.

पण खरं विचारायचंय ते वेगळंच. पहिले दोन आठवडे मोठी रोज बाबाशी भरभरून बोलायची. आता व्हिडिओ कॉल लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. परवा मी जबरदस्तीने समोर बसवलं तर तिने फोन उचलून पालथा ठेवला, काही बोलली नाही, रडली पण नाही. नवरा तिकडे गप्प झाला, त्याचा आवाज बदललेला मला कळला. आमच्या रात्रीच्या आठला त्याची कामाची वेळ असते, मधेच उठून बाहेर येऊन तो फोन करतो, आणि पोरगी तोंड फिरवते.

दुसरं म्हणजे वर्षभरापूर्वी रात्रीचं डायपर सुटलं होतं, आता आठवड्यातून तीनदा अंथरूण ओलं. आणि रात्री मधेच जागी होऊन एकच विचारते, "कडी लावली का?" नवरा रोज रात्री तिला खांद्यावर घेऊन दाराची कडी लावायचा, हे त्यांचं दोघांचं होतं. मी ती झोपल्यावर लावते. मी सांगते लावली, तरी पुन्हा विचारते.

तिला बाबाचा राग आलाय का? फोनवर बसवत राहू की सोडून देऊ? सोडलं तर ती त्याला विसरेल अशी भीती वाटते. आणि ही संध्याकाळ कशी निभावायची ते पण सांगा, ज्यांनी केलंय त्यांनी.

---

किनाऱ्यावरून

दोनपिल्लं ताई, आधी हे सांगते की चार वर्षांचं मूल पाच आठवड्यात बाबाला विसरत नाही, सहा महिन्यातही नाही. जिला विसर पडतो ती "कडी लावली का" विचारत नाही गं.

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो, लग्नाला बारा वर्षं झाली, दोन मुलं, त्यामुळे हे सगळं अनेकदा करून झालंय. फोनवर यायचं नाही म्हणजे राग असेलच असं नाही. माझा मुलगा त्या वयात एकदा म्हणाला होता की बाबा दिसतो आणि मग बंद होतो, ते मला नको. बंद होणं नको होतं त्याला. रोज कॉल संपला की रोज पुन्हा एकदा बाबा जातो, आपल्याला ते कळत नाही, आपल्याला तो कॉल म्हणजे भेट वाटते. म्हणून जबरदस्ती अजिबात करू नकोस. कॉल चालू ठेव, ती खोलीत असो नसो, तू आणि धाकटा बोला, तिला ऐकू जाऊ दे. माझा लेक पडद्यामागे उभा राहून सगळं ऐकायचा.

जहाजावर पूर्वी पंधरा पंधरा दिवस नेटवर्क नसायचं, तेव्हा आम्ही आवाज रेकॉर्ड करून ठेवायचो. निघण्याआधी त्याने दहा बारा गोष्टी सांगून ठेवलेल्या, मुलाला हवी तेव्हा लावायची. यात गंमत अशी की हे मुलाच्या हातात असतं, कधी ऐकायचं, कधी थांबवायचं. कॉल आपल्या वेळेला येतो, आवाज त्याच्या वेळेला. तुझ्या नवऱ्याला सांग रोज एकच मिनिटाचा आवाज पाठवायला, "आज मी एक मोठ्ठं कुत्रं पाहिलं" इतकंच, "तू कशी आहेस, जेवलीस का, आईला त्रास देत नाहीस ना" असं नको. प्रश्न विचारले की मुलांना उत्तर द्यायचं ओझं होतं.

आता एक गोष्ट जी माझ्याकडून चुकली, ती तू करू नयेस म्हणून सांगते. सगळे सांगतात की कागदाच्या पट्ट्यांची साखळी करा, रोज एक पट्टी काढायची, साखळी संपली की बाबा येणार. मी केली होती. २०२०मध्ये. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट ६ महिन्यांचं होतं आणि मग कोविडमुळे सगळीकडची बंदरं बंद झाली, क्रू बदलताच येईना. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकले होते, त्यातला एक माझा नवरा. साखळी संपत आली आणि मी रात्री गुपचूप नवीन पट्ट्या जोडायला लागले. मुलगा तेव्हा ५ वर्षांचा, तो रोज मोजायचा हे मला माहीतच नव्हतं. एका सकाळी म्हणाला, "आई, काल तेवीस होत्या, आज सत्तावीस आहेत." त्यानंतर कितीतरी दिवस त्याला मी काहीही सांगितलं की तो विचारायचा, खरं सांगतीयेस ना. नवरा ११व्या महिन्यात आला.

त्यामुळे मोजायचंच तर गेलेले दिवस मोजा. आम्ही आता काचेच्या बरणीत रोज एक गोटी टाकतो. बाबा नसताना आपण इतके दिवस केले, हे दिसतं, बरणी भरत जाते, आणि येणं पुढे ढकललं गेलं तरी आपण खोटे पडत नाही. आणि चार वर्षांच्या मुलीला "चार महिने राहिले" म्हणजे काय ते कळत नाही, त्यापेक्षा "तुझा वाढदिवस होईल, मग पाऊस सुरू होईल, मग बाबा" असं सांग. तारीख मात्र विमानात बसल्यावरच सांग, आधी नाही.

---

सावलीतलीबाक

माझं मत थोडं वेगळं आहे. मोठीला महिनाभर आजीआजोबांकडे ठेवता येणार नाही का? तुम्हालाही जरा उसंत मिळेल, तिचंही मन रमेल. आमच्याकडे असंच केलं होतं.

---

एकटाबाबा

सावलीतलीबाक, तुमच्याकडे जमलं असेल, पण इथे मला पटत नाही हो. बाबा गेला, आणि आता तिलाही पाठवलं, आणि धाकटा मात्र आईजवळच, हे तिला कसं दिसेल? आजीआजोबांनाच इकडे बोलावता आलं तर जरूर बोलवा.

ताई, माझी बायको प्रशिक्षणासाठी ८ महिने बाहेर होती, मुलगा साडेतीन वर्षांचा आणि मुलगी जेमतेम दीड वर्षाची, म्हणजे तुमच्यासारखंच. आधी एक सांगतो. मी एकटा मुलांना घेऊन कुठे गेलो की लोक थांबून कौतुक करायचे, किती करतोय म्हणायचे. हेच सगळं करणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही, उलट तिचा आवाज चढला की तेवढंच दिसतं. तुम्ही नोकरी करून दोन मुलं एकटीने सांभाळताय, हे खूप मोठं काम आहे आणि ते तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं.

आता संध्याकाळ. माझी पहिल्या महिन्यातली चूक अशी की घरात शिरलो की लगेच कामाला लागायचो, म्हणजे लवकर उरकेल. मुलं पायात पायात. दोन तास रडारड. मग एक दिवस इतका थकलो होतो की बूट काढून तसाच जमिनीवर बसलो, आणि दोघं येऊन अंगावर चढली, धाकटी मांडीत, मोठा पाठीवर, वीस मिनिटं काही केलं नाही, फोनही बॅगेतच. त्यानंतर दोघं आपणहून खेळायला गेली. योगायोग वाटला, पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर बायको परत येईपर्यंत तोच नियम, दार उघडलं की आधी वीस मिनिटं जमिनीवर, कामं त्यानंतर. दिवसभर ती आपल्याशिवाय राहिलेली असतात, आधी आपल्या जवळ असण्याने त्यांचं पोट भरतं, मग ती आपल्याला सोडतात. तुमचा धाकटा कडेवरून उतरत नाही त्याचंही बहुतेक हेच असणार. आठ दहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत आई नजरेआड झाली की रडणं जोरात असतंच, त्यात घरातलं एक माणूस कमी झालंय.

आंघोळ रोज संध्याकाळी व्हायलाच हवी असं काही नाही, हातपाय तोंड पुसून चालतं, सुट्टीच्या दिवशी नीट घाला. आणि घालाल तेव्हा एक कृपया लक्षात ठेवा, मी हे कळकळीने सांगतोय. एकटं असताना धाकट्याला पाण्याजवळ सोडून टॉवेल आणायला किंवा दार उघडायला जायचं नाही, पाच सेकंदही नाही. इतकी लहान मुलं दोन चार इंच पाण्यातही बुडू शकतात, बादलीतसुद्धा, आणि आवाजही होत नाही. बेल वाजली तर वाजू दे, जायचंच असेल तर ओलं मूल उचलून घेऊन जा. आंघोळ झाली की बादली पालथी. दोघं मोठे घरात असताना एक जण असतोच म्हणून आपल्याला जी सवय लागलेली असते ना, ती एकटं असताना फार धोक्याची.

झोपवताना मी दोघांना एकाच खोलीत, एकाच गादीवर घ्यायला लागलो. आधी धाकटीला झोपवून मग मोठ्याला वेळ द्यायचा प्रयत्न केला होता, पण तो दाराशी उभा राहून थांबायचा आणि मग ती उठायची. एकत्र घेतल्यावर पाऊण तास वाचला. झोपेची वेळही अर्धा तास अलीकडे आणली. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि चार वर्षांच्या मुलीला १० ते १३, हे मी वाचलं तेव्हा कळलं की माझी मुलं रोज तास दीड तास कमी झोपतायत आणि संध्याकाळचं रडणं निम्मं त्याचंच आहे.

आवाज चढला की नंतर तिला सॉरी म्हणा, ती जागी असताना. "मी दमले होते, तुझी चूक नव्हती." झोपलेल्या मुलीकडे बघून वाईट वाटून घेतो तेव्हा ते फक्त आपल्यालाच कळतं. मीही तेच करायचो.

आणि हो, "बाबा आला की सांगते बघ" असं कधीच म्हणू नका. माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "आईला सांगू का फोनवर?" आणि मुलगा दोन दिवस आईच्या कॉलला आला नाही.

---

औषधपेटी

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. इथे वाचून निदान होत नाही, पण अंथरूण ओलं होण्याबद्दल काळजी जरा हलकी करता आली तर बघते.

पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओलं होणं याला आम्ही आजार म्हणत नाही. एकदा सुटलेलं पुन्हा सुरू होणं हे घरात मोठा बदल झाला की अगदी नेहमी दिसतं, नवीन बाळ, नवीन घर, कुणी लांब जाणं. रागावू नका, बक्षीसही लावू नका, ती मुद्दाम करत नाहीये. गादीवर प्लास्टिक, त्यावर चादर, त्यावर पुन्हा प्लास्टिक आणि चादर असं दोन थर घालून ठेवा, म्हणजे रात्री अडीच वाजता फक्त वरचा थर ओढून काढायचा. एकटीला हे फार उपयोगी पडतं. मात्र एकदा दाखवून घ्या, विशेषतः लघवीला जळजळ होत असेल, ताप असेल, ती अचानक खूप पाणी प्यायला लागली असेल किंवा वजन उतरत असेल तर लगेच. शी कडक होतीये का तेही बघा, बद्धकोष्ठतेनेसुद्धा असं होतं आणि ते बऱ्याचदा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तिच्या गप्प होण्याबद्दल. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापर्यंत लहान मुलं हॉस्पिटलमध्ये भरती झाली की आईवडिलांना आठवड्यातून ठरलेल्या वेळेलाच भेटू द्यायचे, कारण आईला पाहिलं की मुलं रडतात, नाहीतर शांत असतात. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने या मुलांकडे तासन्‌तास नीट बघितलं आणि १९५२मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचं हॉस्पिटलमधलं वास्तव्य कॅमेऱ्यावर टिपून डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं होतं की ते शांत होणं म्हणजे रुळणं नव्हे. आधी मूल रडून मागतं, मग खचतं, मग मन काढून घेतल्यासारखं वागतं, आई आली तरी तोंड फिरवतं. जॉन बोल्बी त्यांच्यासोबत काम करायचे, आईबाप आणि मूल यांच्या नात्याबद्दल आज आम्ही जे शिकतो त्याचा पाया त्यांनी घातला. पुढे १९५९मध्ये तिथल्या सरकारी समितीने आईवडिलांना मोकळेपणाने भेटू द्या अशी शिफारस केली.

हे घाबरवायला सांगत नाहीये. त्या मुलांजवळ त्यांचं एकही माणूस नव्हतं. तुमच्या मुलीजवळ तुम्ही आहात, तेच घर, तेच पाळणाघर आहे, हा फरक खूप मोठा आहे. सांगायचं इतकंच की फोन पालथा ठेवणं हे प्रेम नसल्याचं लक्षण नाही. प्रेम आहे म्हणूनच ते तिला जड जातंय. हे तुमच्या नवऱ्यालाही वाचून दाखवा, त्यांना याची गरज आहे असं वाटतंय.

धाकट्याला व्हिडिओ कॉल चालतो का असं बरेच पालक विचारतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६च्या सूचनांमध्ये १८ महिन्यांच्या आत स्क्रीन नको असं सांगताना व्हिडिओ कॉलला अपवाद ठेवला होता. पण एवढ्या लहान मुलाला स्क्रीनवरचं एकट्याने फारसं कळत नाही, जवळ बसून कुणीतरी बोलावं लागतं, "बघ बाबाने टाळी वाजवली, आपण पण वाजवू."

एक शेवटचं, कारण रात्री ताप आला की एकट्या पालकाचं डोकं चालत नाही हे मी फोनवर रोज ऐकते. आजच एक कागद लिहून कपाटाच्या दारावर लावा. दोघांचं वजन, तापाच्या औषधाचा तुमच्या डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेला डोस, शेवटचा डोस कधी दिला ते लिहायची जागा, डॉक्टरांचा नंबर, अँब्युलन्सचा नंबर आणि रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल अशा शेजाऱ्यांचा नंबर. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये कमीत कमी ४ तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तापाच्या आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय ते बघा, मलूल आहे, पीत नाही, श्वास जोरात चालतोय, सहा आठ तासांत लघवी नाही, तर वाट बघायची नाही. ६ महिने ते ५ वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा बोट काहीही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेला तर अँब्युलन्स, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी दाखवायचंच. शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा, कारण एका मुलाला घेऊन निघालात तर दुसऱ्याजवळ कोण, हे त्या वेळी सुचत नाही.

---

परतलेला

मी तिकडच्या बाजूचा आहे, म्हणजे जो गेलेला असतो तो. दोन वर्षांत मिळून १४ महिने घराबाहेर होतो, मुलगा तेव्हा ३ ते ५.

ताई तुमच्या मिस्टरांना माझ्याकडून सांगा की मुलगी तोंड फिरवते तेव्हा छातीत काय होतं ते मला माहितीये. मी एकदा फोन ठेवून जिन्यात बसून राहिलो होतो. पण त्यांनी गप्प होऊ नये. मी गप्प झालो की माझा मुलगा अजून लांब जायचा, त्याला वाटायचं त्याने काहीतरी केलं. नंतर मी एवढंच म्हणायला शिकलो, "बरं, तू खेळ, मी इथे आहे," आणि खरंच तिथे असायचो, दहा मिनिटं फोन उभा करून ठेवलेला, मी माझं काहीतरी करतोय, तो त्याचं काहीतरी करतोय. एका खोलीत असल्यावर तरी आपण कुठे सतत एकमेकांकडे बघून बोलतो? तिसऱ्या चौथ्या दिवशी तो गाडी घेऊन आला आणि फोनवरून चालवायला लागला, म्हणजे माझ्या तोंडावरूनच.

आणखी एक, बोलताना स्क्रीनकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघायला सांगा. आपण स्क्रीनवरच्या मुलाकडे बघतो तेव्हा त्याला आपण खाली बघतोय असं दिसतं. छोटी गोष्ट आहे पण माझ्या मुलाला फरक पडला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे गेलेल्या माणसाकडे घरातलं एखादं खरं काम राहिलं पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाहुण्यासारखा झालो, रोज फोन, रोज गोड बोलणं, बाकी घर माझ्याशिवाय चालतंय. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं की उद्या पाळणाघरात काय घालायचं ते बाबा ठरवणार. रात्री बायको दोन शर्टांचे फोटो पाठवायची, मी एक निवडायचो, सकाळी मुलगा विचारायचा बाबाने कुठला म्हटला. इतकंच. पण त्यामुळे मी घरात होतो.

तुमच्या घरात ते काम आधीपासूनच आहे. कडी. ती तुम्ही तिच्या नकळत लावताय म्हणून ती रात्री उठून विचारतीये. ते काम बाबाचं आणि तिचं होतं, बाबा गेला आणि कामही नाहीसं झालं. तिलाच लावू द्या ना, झोपायच्या आधी. आणि बाबाने रोज फक्त तेवढंच विचारावं.

परत येतील तेव्हाचंही आत्ताच सांगून ठेवतो. मी विमानतळावरून आलो, मुलाला उचलायला गेलो, तो आईच्या मागे गेला, तीन दिवस माझ्या हातून पाणीसुद्धा प्यायला नाही. मी वाट बघितली नाही, चौथ्या दिवशी चिडलो, शिस्त लावायला लागलो, झोपायची वेळ बदलली, आणि बायकोने सहा महिने एकटीने बसवलेली घडी मी आठवड्यात विस्कटली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आल्यावर पहिले पंधरा दिवस काही बदलू नका, बायकोला विचारा आता कसं करतेस, आणि तसंच करा. मूल त्याच्या वेळेने येतं.

---

किनाऱ्यावरून

परतलेला दादा, हे शेवटचं माझ्या नवऱ्याला पाठवलं. दर वेळी आला की पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरातले डबे हलवतो, आणि मला रडायला येतं आणि त्याला कळत नाही का. डब्यांचं काही नसतं, मी सहा महिने एकटीने लावलेलं घर असतं ते.

---

दोनपिल्लं

नऊ दिवसांनी लिहितीये, उशीर झाला, मधे धाकट्याला ताप येऊन गेला. औषधपेटी ताई, कपाटावरचा कागद त्याच्या आदल्याच दिवशी लावला होता, रात्री एक वाजता त्यावर बघून डोस दिला आणि वेळ लिहून ठेवली, हात थरथरत होते पण डोकं शांत होतं. शेजारच्या काकूंना विचारून ठेवलं होतं, त्या म्हणाल्या, एवढे दिवस का नाही विचारलंस. मोठीला डॉक्टरांना दाखवलं, लघवी तपासली, सगळं नॉर्मल आहे. दोन थरांची चादर लावलीये.

एकटाबाबा दादा, वीस मिनिटं जमिनीवर, हे रोज जमत नाही पण जमतं त्या दिवशी फरक कळतो. सॉरी पण म्हणाले तिला. ती म्हणाली, "तू बाबा गेल्यापासून मोठ्याने बोलतेस." मला माहीत नव्हतं तिने ते असं जोडलंय. मग आम्ही दोघी बराच वेळ बोललो, बाबा का गेला, कुठे झोपतो, त्याच्या दाराला कडी आहे का. हा शेवटचा प्रश्न तिचा.

आणि कडी. दाराशी स्टूल ठेवलंय. पहिल्या रात्री तिने तीन वेळा लावून काढून बघितली, मग माझा हात लावून बघितला घट्ट आहे का. कॉल केला नाही, फक्त बाबाचा आवाज आला होता रेकॉर्ड करून, "कडी लावली का?" एवढाच. तिने ऐकला, काही बोलली नाही, झोपली. मधे उठली नाही. दुसऱ्या दिवशी पण तसंच. अंथरूण अजून होतं ओलं, पण नऊ दिवसांत दोनदाच.

व्हिडिओवर अजून समोर येत नाही. मी फोन टेबलावर उभा करून ठेवते, नवरा तिकडे आपली कामं करत असतो, धाकटा येऊन त्याला काहीबाही दाखवतो. काल रात्री मी भांडी आवरत होते, मोठी स्टूलवर चढली, कडी लावली, आणि तिथूनच, फोनकडे पाठ करून, जोरात म्हणाली, "लावली. तुझी लाव."

तो उठून गेला आणि कडी लावल्याचा आवाज आला इकडे. खरंच लावली होती त्याने, दुपारचे साडेचार वाजले होते तिकडे.